२०११ ला ६१२ माणसं, तरी बस का नाही?

तुझा प्रश्न थोडक्यात असा की गाव बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला आहे, नेटवर एका ठिकाणी २०११ ची लोकसंख्या ६१२ दाखवतंय, दुसऱ्या ठिकाणी २०२५ ची ७३०, गावातली म्हातारी माणसं म्हणतात आता चारशे पण राहत नाहीत, आणि डेपोत गेलं की "लोकसंख्या कमी आहे, परवडत नाही" म्हणून परत पाठवतात. तर खरा आकडा कुठला, गावाच्या माहितीत दळणवळण काय लिहायचं आणि बस मागायची कशी. तू मला सर म्हणून लिहिलंस म्हणून मी तू म्हणतो, राग मानू नको.

आधी माझं सांगतो. मी याच तालुक्यातल्या मराठी शाळांत मास्तर होतो, २०२२ ला रिटायर झालो. १९९१ आणि २००१ च्या जनगणनेला प्रगणक होतो, २०११ ला सुपरवायझर. रिटायर झाल्यावर गावागावातली पोरं पंचायतीची पत्रं, ठराव, अर्ज लिहून घ्यायला येतात, त्यात निम्मे अर्ज बसचे आणि रस्त्याचे असतात. त्यामुळं जे सांगतोय ते डोळ्यानं बघितलेलं आहे.

तर पहिली गोष्ट. लोकसंख्येवर रस्ता मिळतो, बस मिळत नाही. बस मिळते ती सकाळी सात वाजता फाट्यावर किती माणसं उभी आहेत त्याच्यावर. ह्या दोन मोजण्या वेगळ्या, मोजायची पद्धत वेगळी, आणि जायचं ऑफिस पण वेगळं. आपली माणसं दोन्हीकडं एकच कागद घेऊन जातात आणि दोन्हीकडून हात हलवत परत येतात.

आता तुझे आकडे. ६१२ हा खरा सरकारी आकडा, म्हणजे १ मार्च २०११ च्या मध्यरात्रीचा. त्यानंतर देशात जनगणनाच झाली नाही, २०२१ ची पुढं पुढं ढकलत गेली आणि आता १ मार्च २०२७ हा संदर्भ दिवस ठरलाय. मग २०२५ चा ७३० कुठून आला? सांगतो बघ. बेळगाव जिल्हा २००१ ला ४२,१४,५०५ होता, २०११ ला ४७,७९,६६१ झाला, म्हणजे दहा वर्षांत १३.४ टक्के वाढ. हीच टक्केवारी तुझ्या ६१२ ला चौदा वर्षांसाठी लावून बघ, बरोबर ७३० येतात. म्हणजे कुणी मोजलेलं नाही, कुणी गावात आलेलं नाही, कॉम्प्युटरनं अख्ख्या जिल्ह्याची वाढ तुझ्या गावावर चिकटवली. बेळगाव शहराच्या कडेची गावं, हिंडलगा, मच्छे, ती फुगत गेली आणि जंगलाकडेची गावं रिकामी होत गेली, ह्या दोघांना एकच टक्का लावला तर काय होणार. ७३० आकडा कुठंही लिहू नको. त्यानं नुकसानच होतं, ते पुढं सांगतो.

६१२ पण नीट समजून घे. तो महसुली गावाचा आकडा आहे. म्हणजे तुमचं मूळ गाव, वरची वाडी, शिवाय पलीकडचा गवळीवाडा, सगळं मिळून ६१२. जनगणनेच्या पुस्तकात वाडीला वेगळी ओळ नसते. प्रत्येक महसुली गावाला २०११ ला सहा आकडी कोड दिलाय, तो कोड हुडकून ठेव आणि प्रत्येक पत्रात लिही, कारण गावाच्या नावाचं स्पेलिंग कन्नडमध्ये एक, इंग्रजीत दुसरं, आपण म्हणतो तिसरंच, आणि एकाच नावाची खुर्द-बुद्रुक धरून दोन-तीन गावं असतात. एका गावाच्या रस्त्याचं पत्र आठ महिने दुसऱ्या तालुक्यातल्या त्याच नावाच्या गावाच्या फायलीत पडून होतं. कोड लिहिला असता तर वाचले असते आठ महिने. शिवाय जिल्ह्याचं नाव २०११ च्या पुस्तकात बेळगाम असं सापडेल, बेळगावी हे नाव १ नोव्हेंबर २०१४ पासूनचं, त्यामुळं नेटवर हुडकताना दोन्ही घालून बघ.

आणि त्या ६१२ मध्ये कोण कोण आहे? आम्ही ९ ते २८ फेब्रुवारी २०११ असे वीस दिवस दारोदार फिरलो. त्याच्याआधी, २०१० मध्ये, घरयादी झालेली, दारावर नंबर घातलेले, नजरी नकाशा काढलेला. नियम असा की माणूस नेहमी जिथं राहतो तिथं धरायचा, पण त्या वीस दिवसांत तो त्या घरात एकदा तरी असला पाहिजे, अख्खे वीस दिवस बाहेर असला तर जिथं सापडेल तिथं धरायचा. कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारी माणसं. कागदावर सोपं आहे. दारात काय होतंय बघ. पोरगा पणजीत बेकरीत, दोन महिन्यातनं एकदा येतो, आई म्हणणार "माझ्याच चुलीवरचा हाय की, लिवा मास्तर". नियमानं तो तिकडंच लिहायला पाहिजे. पण आईला कोण सांगणार तुझा पोरगा तुझ्या घरात धरता येत नाही म्हणून. काही पोरं दोन्हीकडं लिहिली गेली असतील, काही दोन्हीकडं सुटली असतील, कारण गोव्यात कामाच्या जागेवर झोपणाऱ्या पोराच्या दारात कोण जातंय. २००१ ला आणखी गंमत, महाशिवरात्र २१ फेब्रुवारीला, बरोबर मोजणीच्या मधी आलेली, गोव्याची पोरं सगळी घरात. २०११ ला शिवरात्र २ मार्चला होती, मोजणी संपल्यावर. पश्चिमेकडच्या काही गावांचा आकडा २००१ पेक्षा २०११ ला उतरलेला दिसतो त्याच्यात खरं स्थलांतर किती आणि शिवरात्र किती हे मला आजवर सुटलेलं नाही, पण थोडी शिवरात्र आहे असं माझं मत. (२०२७ ला पण शिवरात्र मार्चमध्येच पडते. पोरांना आधीच सांगून ठेवा, जिथं राहता तिथं नोंद करा, पण कुठंतरी एका ठिकाणी करा.)

खरी आजची संख्या पाहिजे तर एकच उपाय, आपण मोजायची. रेशन कार्डावर भरवसा ठेवू नको, त्यात लग्न होऊन गेलेल्या मुली पण असतात आणि पुण्याला फ्लॅट घेतलेले पण. मतदार यादीत अठराच्या वरचेच, त्यात पण बाहेरगावी असलेले मतदानाला येतात म्हणून नावं ठेवलेली. अंगणवाडीच्या बाईंची वही सगळ्यात खरी, कारण त्यांना पोरामागं पोषण आहार द्यायचा असतो, पण ती गरोदर बायका आणि लहान पोरांपुरती. तेव्हा चार पोरं घ्या, दोन रविवार घाला, घरपट्टीची यादी पंचायतीतून घ्या म्हणजे एक पण घर सुटणार नाही, आणि प्रत्येक घरात दोनच प्रश्न विचारा: काल रात्री ह्या घरात किती माणसं झोपली, आणि बाहेर असलेली कोण कुठं आहेत, किती दिवसांनी येतात. जात, उत्पन्न, जमीन काही विचारू नका, विचारलं की लोक गप्प होतात.

आम्ही एका गावात असं केलेलं. गावाचं नाव नको. २०११ च्या पुस्तकात ५४०, रेशन कार्डावर ५८८ नावं, आणि आदल्या रात्री गावात झोपलेली माणसं ३७१. तीन आकडे, तिन्ही खरे. फक्त कुठला कुठं वापरायचा ते कळलं पाहिजे.

रस्त्याला २०११ चा वापरायचा. केंद्राची प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २५ डिसेंबर २००० ला सुरू झाली तेव्हापासून हिशोब असा की साध्या भागात ५०० च्या वरची वस्ती आणि डोंगरी राज्यं, वाळवंट, आदिवासी अनुसूचित भाग असल्या ठिकाणी २५० च्या वरची. आपला भाग कितीबी डोंगराळ असला, कणकुंबीकडं कितीबी पाऊस पडला तरी आपल्याला ५०० च धरून चालायचं. सुरुवातीला २००१ ची लोकसंख्या बघत होते, २०२४ ला चौथा टप्पा मंजूर झाला त्याला २०११ ची बघतात, देशभरातल्या २५,००० न जोडलेल्या वस्त्या आणि ६२,५०० किलोमीटर रस्ता असं त्याचं टार्गेट. आता इथं लक्ष दे, शब्द गाव नाही, वस्ती आहे. महसुली गाव ६१२ असलं तरी मूळ गावठाण ४१०, वाडी १३०, गवळीवाडा ७२ असं निघालं तर ५०० च्या आत गेलास की रे. पण नियमातच सोय आहे, ५०० मीटरच्या आतल्या वस्त्या एकत्र धरता येतात. तेव्हा गावठाण आणि वाडी ह्यांच्यात अंतर किती हे नीट मोजून नकाशावर दाखवलं तर ४१० आणि १३० चे ५४० होतात. आणि "न जोडलेली" म्हणजे बारमाही रस्त्यापासून ५०० मीटर किंवा जास्त लांब. बारमाही म्हणजे डांबरीच पाहिजे असं नाही, पण पावसाळ्यात चाललं पाहिजे, पाण्याला मोऱ्या पाहिजेत. तुमच्याकडं नाल्यावर नुसती फरशी आहे आणि जुलैत वरनं पाणी जातंय तर तो रस्ता बारमाही नाही, मग मे महिन्यात त्याच्यावर ट्रक जात असला तरी. फोटो जुलैत काढ. मे महिन्यातला फोटो लावून आलेले अर्ज मी बघितलेत, साहेब म्हणतो रस्ता तर चांगला दिसतोय की.

कुणाकडं जायचं, तर ग्रामसडकचं काम राज्यात केआरआरडीए, म्हणजे कर्नाटकाची ग्रामीण रस्ते विकास संस्था बघते, गावरस्ते जिल्हा पंचायतीच्या पंचायत राज इंजिनिअरिंग खात्याकडं, जिल्हा रस्ते आणि राज्य रस्ते पीडब्ल्यूडीकडं. पहिल्यांदा रस्ता कुणाचा ते विचारून घे, नाहीतर तिघं पण एकमेकांकडं बोट दाखवतात.

जंगल असेल तर प्रकरण वेगळं. तुझ्या गावचा रस्ता जंगलातनं जातो असं तू लिहिलंयस. वनहक्क कायदा २००६ चा, त्याच्या कलम ३(२) मध्ये आहे की गावाचा रस्ता, शाळा, दवाखाना, अंगणवाडी, पाण्याची टाकी असल्या कामांना एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते, हेक्टरी ७५ च्या वर झाडं तुटू नयेत आणि ग्रामसभेची शिफारस पाहिजे. ही ग्रामसभा पंचायतीच्या हॉलमधली पाच माणसांची नको, गावातली, कोरम भरलेली, सह्या-अंगठे असलेली. चार मीटर रुंद रस्ता धरला तर एक हेक्टरमध्ये अडीच किलोमीटर बसतो, हा हिशोब पत्रात घाल, लोक घालत नाहीत. पण भीमगड अभयारण्य २०११ ला झालं, त्याच्या हद्दीत असलेल्या गावांना, म्हणजे आमगाव, गवळी, पास्टोली, कोंगळा असल्या गावांना, वन्यजीववाल्यांची आणखी एक पायरी येते. तिथली दुखणं आलेली माणसं पावसाळ्यात अजून चार खांद्यावर येतात. त्या गावांचं काय करावं, रस्ता द्यावा की लोकांना पैसे देऊन बाहेर आणावं, ह्याच्यावर माझं आणि माझ्या पोराचंच जमत नाही, तेव्हा ते इथं सोडतो.

आता बस. आपल्याकडची गाडी वायव्य कर्नाटक परिवहनची, हुबळीचं हेड ऑफिस, १९९७ पासून वेगळी कंपनी. डेपो मॅनेजरला तुझ्या ६१२ शी काही देणंघेणं नाही. तो बघतो किलोमीटरला उत्पन्न किती, सीट किती भरल्या, आणि रिकामी किती पळवावी लागते, ज्याला ते डेड किलोमीटर म्हणतात. "लोकसंख्या कमी आहे" हे तो तुला सांगतो कारण तू लोकसंख्येचा कागद घेऊन गेलास. दुसरा कागद घेऊन जा, दुसरं उत्तर येतं.

त्या मघाच्या ३७१ वाल्या गावाचं सांगतो. त्यांनी २०१९ ला पहिला अर्ज केलेला, नेटवरनं उचललेला सहाशेच्या वरचा आकडा घालून. साहेबानं समोर पुस्तक काढलं, ५४० दाखवलं, आणि म्हणाला एवढं खोटं लिहिलंय तर बाकीचं कशाला वाचू. संपलं. मग कोविड आला. २०२३ ला परत माझ्याकडं आले, तेव्हा आम्ही लोकसंख्या लिहिलीच नाही. एक आठवडा दोन पोरं फाट्यावर बसवली, सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी चार ते सात, आणि वहीत लिहीत गेली: कोण, कुठं, किती वाजता, कशानं गेलं. खानापूरला कॉलेजची १९, जवळच्या हायस्कूलची ६, बेळगावला गवंडीकाम आणि कारखान्यात जाणारी १४, दूध-भाजी घेऊन जाणाऱ्या बायका ९. सकाळचे ४८. गावात रात्री झोपलेल्या ३७१ पैकी ४८ माणसं रोज सकाळी एकाच तासात बाहेर पडतात, आणि सगळी कशानं जातात, तर वडापनं, म्हणजे सीट भरून सुटणाऱ्या खाजगी गाडीनं, एका ट्रॅक्समध्ये सोळा-सतरा माणसं, दोघं मागं लोंबकळत. पन्नासेक सीटच्या गाडीला ४८ माणसं एका ठिकाणाहून म्हणजे कुठल्या डेपोला नको असणार.

पण आम्ही नवीन गाडी मागितली नाही. ह्या सगळ्यात महत्त्वाचं हे बघ. नवीन शेड्यूल म्हणजे एक गाडी, ड्रायव्हर, कंडक्टर, डिझेल, आणि स्टाफ आधीच कमी, हे वरपर्यंत जातंय आणि तिथंच राहतंय. शेजारच्या गावाला, चार किलोमीटरवर, रात्रीची वस्तीची गाडी येत होती, रात्री थांबून सकाळी साडेसहाला सुटणारी. आम्ही म्हटलं तीच चार किलोमीटर पुढं आणा आणि आमच्या गावात वस्ती करा, शेजारचं गाव वाटेतच लागतं. शेजारच्या गावचा सरपंच आधी तडकला, आमची गाडी पळवताय काय म्हणून, वस्तीची गाडी म्हणजे मानाची गोष्ट असते की गावाला. त्याला समजावायला दोन मीटिंगा आणि एक जेवण लागलं. शेवटी त्यांच्याच पंचायतीचा "हरकत नाही" ठराव जोडला, आणि तो कागद माझ्या मते उरलेल्या सगळ्या कागदांपेक्षा जड पडला.

मग डेपोचा माणूस रूट बघायला आला. तो काय बघतो तेवढं सांगतो, म्हणजे तुझी तयारी होईल. गाडी वळवायला जागा आहे काय, रिव्हर्स न घेता. वाटेत कुठं आंब्या-फणसाची फांदी टपाला घासते काय. समोरनं ट्रॅक्टर आला तर कुठं बाजूला घ्यायची. विजेच्या तारा लोंबतात काय. आणि ड्रायव्हर-कंडक्टर झोपणार कुठं, संडास आहे काय, सकाळी चहा मिळतो काय. आमच्या लोकांनी देवळाच्या बाजूची खोली साफ केली, पत्रा बदलला, आंघोळीला पाण्याची सोय केली, दोन कॉट ठेवल्या आणि रात्रीचं जेवण पाळी लावून घराघरातनं. हसू नको, वस्तीची गाडी बंद पडते ती बऱ्याच वेळा तोट्यामुळं नाही, ड्रायव्हर जायला नको म्हणतात म्हणून. एका गावात कंडक्टरला रात्रभर ढेकूण चावले, दुसऱ्या महिन्यात गाडी बंद.

वही, ठराव, नकाशा, गाडी वळवायच्या जागेचा फोटो, एवढं घेऊन डेपो मॅनेजरकडं जा आणि एक प्रत विभागीय नियंत्रकाला दे. शाळेची खाजगी व्हॅन गावात येत असेल तर ते पण लिही, व्हॅन रोज येते म्हणजे रस्ता चालतोय हे आपोआप सिद्ध होतं. पत्र कन्नडमध्ये लिहून घे, मराठी प्रत मागं जोड. मराठीत पत्र देणं आपला हक्क आहे काय नाही ही लढाई वेगळी, ती करायला मी पण असतो, पण १९ पोरांचं कॉलेज त्या लढाईत अडकवू नको.

गाडी सुरू झाली की काम संपलं असं लोकांना वाटतं. खरं काम तिथनं सुरू. पहिले तीन महिने डेपो रोज त्या ट्रिपचा हिशोब बघतो. ११ जून २०२३ पासून शक्ती योजना आहे, कर्नाटकातल्या बायकांना साध्या गाडीत राज्यातल्या राज्यात फुकट प्रवास, पण कंडक्टर शून्य तिकीट काढतो आणि त्या तिकिटावर सरकार परिवहनला पैसे देतं. म्हणजे शून्य तिकीट शून्य नाही. गर्दीत कंडक्टर पुढं सरकला आणि आक्कांनी तिकीट मागितलंच नाही, तर त्या गाडीत होत्या हे मशीनला कळत नाही. आम्ही गावात सगळ्या बायकांना सांगितलेलं, आधार कार्ड हातात ठेवायचं आणि तिकीट मागून घ्यायचं. कॉलेजची पोरं पासवाली, त्यांचं रोज तिकीट फाटत नाही, त्यामुळं पास किती आहेत त्याची यादी पण डेपोत देऊन ठेवली. आणि वडाप. पहिल्याच आठवड्यात ट्रॅक्सवाला बसच्या दहा मिनिटं आधी फाट्यावर उभा राहणार, हे ठरलेलंच. तो पण आपल्याच गावातला, त्याचं पण पोट आहे, आम्ही त्याला दुपारची आणि बाजाराच्या दिवसाची वेळ घे म्हणून पटवला. सगळीकडं पटतंच असं नाही.

एखाद्या बंद पडलेल्या गाडीचा हिशोब बघायचा असला तर माहिती हक्काचा अर्ज टाक, दहा रुपये फी, कर्नाटकात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांच्या आत हे ध्यानात ठेव, नाहीतर तेवढ्यावर परत येतो. मागच्या तीन महिन्यांचं त्या ट्रिपचं ट्रिपवार उत्पन्न माग, तीस दिवसांत यायला पाहिजे.

गाव चंदगडच्या बाजूला असतं तर आणखी एक भानगड सांगितली असती. बेळगाव-वेंगुर्ला रस्त्यावर तुरमुरी, बाची करत शिनोळीला गेलं की महाराष्ट्र लागतो, तिथं लाल परी, म्हणजे महाराष्ट्राची एसटी पण आणि आपली पण, लाल परीत बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट पण ते महाराष्ट्राच्या हद्दीतलं, आपल्यात शक्ती पण ती कर्नाटकातली, आणि सीमेवर वाद पेटला की दोन्ही गाड्या आपापल्या बाजूला थांबतात आणि माणसं मधला तुकडा पायी तुडवतात. तिकडच्या माहितीत "बससेवा उपलब्ध" लिहिताना कुणाची, कुठपर्यंत, हे लिहावंच लागतं.

त्यावरनं तुझा राहिलेला प्रश्न, गावाच्या माहितीत दळणवळण काय लिहायचं. जिल्हा जनगणना पुस्तिकेचा पहिला भाग काढ, त्यात प्रत्येक गावासमोर सोयींचा तक्ता आहे: सरकारी बस, खाजगी बस, रिक्षा, टॅक्सी-व्हॅन, ट्रॅक्टर, बैलगाडी सुद्धा, मग डांबरी रस्ता, खडीचा रस्ता, बारमाही रस्ता, पायवाट, आणि सोय गावात नसली तर ती किती लांब, पाच किलोमीटरच्या आत असेल तर ए, पाच ते दहा बी, त्याच्या पुढं सी. जवळचं शहर आणि अंतर पण आहे. चांगला तक्ता आहे, पण तो आम्ही दारोदार फिरणाऱ्या मास्तरांनी भरलेला नाही, तो वरच्या वर महसूलकडनं भरून जायचा, आणि गावाची शीव मेन रोडला टेकली असेल तर फाट्यावरची बस "आहे" म्हणून लागलेली मी बघितली आहे. गावठाण तिथनं तीन किलोमीटर आत. तेव्हा तू लिहिताना तीन अंतरं वेगळी लिही: घरापासून फाटा, फाट्यापासून खानापूर, खानापूरपासून बेळगाव, आणि तिन्ही रस्त्यानं मोजलेली. नकाशावर पट्टी ठेवून मोजू नको, पांढरी नदी आडवी आली की तीनचे अकरा होतात. खानापूर-बेळगाव साधारण २६ किलोमीटर, ते बाकीच्यांनी लिहिलेलंच आहे. तुझ्या गावाला राष्ट्रीय महामार्ग ७४८, म्हणजे खानापूर-लोंढा-अनमोड करत गोव्याला जाणारा, जवळ पडतो की जांबोटी-कणकुंबी-चोर्ला रस्ता, ते लिही. रेल्वेचं लिहिताना नुसतं जवळचं स्टेशन लिहू नको. गुंजी जवळ असलं तरी तुला पाहिजे ती गाडी तिथं थांबत नसली तर उपयोग काय, मग खानापूर किंवा लोंढा जंक्शन लिही आणि तिथपर्यंत जायचं कसं ते लिही. विमानतळ सांबऱ्याचा लिहायचा असेल तर लिही, गावातलं कोण बसतंय विमानात ते सोड.

आणि पावसाळ्याची एक ओळ. जून ते सप्टेंबर कुठला रस्ता बंद, किती वेळ, पाणी उतरायला किती लागतं, साकव आहे की नाही. ही ओळ कुठल्याच वेबसाइटवर नसते आणि गावात सोयरिक करायला येणारा माणूस पहिल्यांदा तेच विचारतो.

लोकसंख्येच्या जागी "६१२ (जनगणना २०११, गावठाण, वाडी व गवळीवाडा मिळून)" असं लिही, त्याच्याखाली तुम्ही मोजलेला आकडा तारखेसकट, "गावात मुक्कामी राहणारे" म्हणून. आमच्या भागात आकड्याला भाषेचा पण वास असतो, सीमावादात खेडं हा घटक धरून दोन राज्यांची सीमा ठरवा असं म्हणत तीन पिढ्या गेल्या, त्यामुळं गावचा आकडा लिहिला की कोणतरी येऊन भांडणारच. तारीख आणि कुणी मोजलं ते लिहिलेलं असलं की भांडण लवकर मिटतं.

वाडीचं वेगळं महसुली गाव करून घ्यायचं तू विचारलंयस. राज्यात लमाणी तांडे, गोल्लरहट्टी असल्या वस्त्या महसुली गावं झाल्यात, रस्ता आहे. पण वाडी वेगळी झाली की मूळ गावाचा आकडा उतरतो, आणि पंचायतीत साधारण चारशे माणसांमागं एक मेंबर असा हिशोब असल्यानं कुणाची सीट जाते कुणाची येते हे आधी बघून घे, नाहीतर गावात बोलायचं बंद होईल.

मोजणी दिवाळीत करू नको, सगळे आलेले असतात. भात लावणी झाल्यावर, ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात कर, गणपतीच्या आधी. वही झाली की फोटो काढून मला पाठव, पत्राचा कच्चा खर्डा मी लिहून देतो. कन्नड करून द्यायला आमच्या गल्लीत एक निवृत्त क्लार्क आहेत, चहावर काम करतात, साखर कमी लागते.